म्युनिक सोडताना इंटरनेटचा करार

प्रश्न : मी म्युनिकमध्ये नोकरी करतो. जूनमध्ये कायमचा पुण्याला परततोय. मुलीच्या शाळेमुळे पत्नी जुलैअखेरपर्यंत इथेच राहील. घरच्या इंटरनेटच्या २४ महिन्यांच्या करारातले १३ महिने शिल्लक आहेत. कंपनी म्हणते, उरलेले सगळे पैसे भरा. मित्र म्हणतात, बँक खातं बंद कर आणि निघ. काय करू?

उत्तर : मित्रांचं अजिबात ऐकू नका. खातं बंद केलं म्हणून करार संपत नाही, फक्त हप्ते थकतात. प्रकरण वसुली एजन्सीकडे गेलं की तिचा खर्चही तुमच्याच माथी. आणि नोटिसा येणार त्या पत्नीच्या हातात.

कंपनीचंही बरोबर नाही. जर्मन दूरसंचार कायद्याच्या (टीकेजी) कलम ६० नुसार ग्राहक घर बदलतो आणि नव्या पत्त्यावर कंपनी तीच सेवा देत नसेल, तर एक महिन्याची नोटीस देऊन मुदतीआधीही करार मोडता येतो. नवा पत्ता परदेशातला असला तरी चालतो, आणि तुमची कंपनी पुण्यात केबल टाकायला येणार नाही हे उघड आहे. १ डिसेंबर २०२१ पूर्वी ही नोटीस तीन महिन्यांची होती. जुने लोक अजून तेच सांगतात.

तुमच्या उपयोगाची खरी गोष्ट पुढे आहे. करार घर सोडण्याच्या दिवसापासून किंवा त्यानंतरच्या तारखेपासून संपवता येतो. म्हणून जूनची घाई नको. ३१ जुलै ही तारीख घाला आणि पत्र जूनमध्येच, निघण्यापूर्वी पाठवा. ई-मेल चालतो, पण पोच मागून घ्या. 'उम्झुग' म्हणजे स्थलांतर हे कारण स्पष्ट लिहा, नाहीतर ते साधी 'क्युंडिगुंग', म्हणजे करार रद्द करण्याची नेहमीची सूचना, समजून २४ महिन्यांच्या शेवटची तारीख कळवतील.

पुरावा म्हणून कंपन्या आबमेल्डुंगचा, म्हणजे पत्ता रद्द केल्याचा दाखला मागतात. ही नोंद घर सोडण्याच्या फार तर आठवडाभर आधी करता येते. त्यामुळे आत्ता विमानाचं तिकीट जोडा, दाखला मागाहून पाठवा. भाड्याचा राउटर परत केल्याची पोस्टाची पावती पत्नीने जपून ठेवावी. पुण्यात बसून ती पुन्हा मिळवता येणार नाही.

तरीही कंपनी अडून बसली, तर बुंडेसनेट्सआगेंटूर या नियामकाकडे मोफत मध्यस्थीसाठी अर्ज करता येतो. त्यात भाग घेण्याची सक्ती मात्र कंपनीवर नाही. शेवटचं बिल वळतं होईपर्यंत बँक खातं चालू ठेवा.