त्याच्याबरोबर दोन कोस

"बारा वर्षं सगळ्यांच्या वाटचं करते मी, आणि आता मलाच म्हणतात, तुम्हाला टीममध्ये काम करता येत नाही!"

सलामसुद्धा न करता तिने हे वाक्य टाकलं, मग खुर्ची ओढली. खासगी रुग्णालयात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स, चाळिशीच्या जरा अलीकडची, माहेर नगरकडचं. तिच्या परवानगीनेच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तिने सांगितलेलं थोडक्यात असं. वॉर्डात कुणाची ड्युटी बदलून हवी असेल तर हिच्याकडे यायचं. गणपती, दिवाळीला ही हक्काची, कारण "तुमचा सण डिसेंबरात ना, सिस्टर?" शेजारणीचं ड्रेसिंग राहिलं, ही करणार. मावशी आल्या नाहीत, चादरीही हीच बदलणार. नाही म्हणायचं नाही, कारण वॉर्डात ख्रिस्ती ती एकटीच. "माझी साक्ष बिघडेल ना मॅडम. कोणी एक कोस नेलं तर दोन कोस जा, असं प्रभूनेच सांगितलंय." साक्ष म्हणजे आपल्या वागण्यातून इतरांना दिसणारी श्रद्धा.

ही अडचण घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी ती पहिली नव्हे. बँकेतले, शाळेतले, आयटीतले, सगळ्यांचा प्रश्न एकच: ख्रिस्ती माणसाने कामावर किती सोसायचं? नाही म्हटलं तर मी कसला ख्रिस्ती?

मग तिने पर्समधून एक छोटी डायरी काढली. लाल पेनाने तारखा, पुढे आद्याक्षरं, पुढे 'नाईट', 'इव्हि.', 'अर्धी मॉर्निंग'. कुणासाठी कधी काय केलं त्याचा बारीक अक्षरातला हिशेब. एका नोंदीखाली दोन रेघा मारल्या होत्या. ती गुड फ्रायडेची. दुपारी बारा ते तीनची उपासना, येशूचे क्रूसावरचे सात उद्गार, लहानपणापासून एकदाही चुकली नव्हती. त्या वर्षी एका ज्युनिअर मुलीला गावी जायचं होतं म्हणून चुकली.

प्रीती अपकार स्मरत नाही, हे वचन माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. आधीच वचनांनी स्वतःला झोडपत आलेल्या बाईला आणखी एक छडी कशाला? समुपदेशनात वचन सांगण्यापेक्षा ते न सांगण्याची वेळ ओळखणं मला जास्त अवघड जातं.

"टीममध्ये काम करता येत नाही, असं इन्चार्ज सिस्टर का म्हणाल्या?" मी विचारलं.

ती गप्प झाली. मग हळूहळू निघालं. त्या दुपारी शेजारच्या चार खाटा दुसऱ्या सिस्टरकडे होत्या. ती अ‍ॅडमिशनमध्ये अडकलेली पाहून हिने तिच्या पेशंटला उलटीचं इंजेक्शन देऊन टाकलं. चार्टवर सही करणार, तेवढ्यात दुसऱ्या खाटेवरून हाक आली. सही राहिली. दहा मिनिटांनी ती सिस्टर तेच इंजेक्शन भरून पेशंटपाशी उभी. तोच म्हणाला, "अहो, आत्ताच दिलं की त्या सिस्टरांनी!" म्हणून वाचलं.

"मी मदतच केली होती ना?"

"तिला सांगून केली होती का?"

उत्तर आलं नाही. खरं सांगायचं तर इथे मला इन्चार्जबाईंचं म्हणणं पटलं. बोलण्याची पद्धत नाही, पण म्हणणं. औषध ज्याने दिलं त्याने लगेच सही करायची, ही वॉर्डातली शिस्त कागदासाठी नसते. आपल्या हाताने काय केलं ते पुढच्या हाताला कळावं म्हणून असते. न सांगता केलेली मदत पुढच्या हाताला आंधळं करते.

दुसऱ्या भेटीत आम्ही बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडला. तिनेच काढलेलं वचन, म्हणून तिलाच वाचायला लावलं. वेठीस धरून कोणी एक कोस नेलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा. रोमी शिपाई रस्त्यावरच्या कुणालाही पकडून आपलं ओझं वाहायला लावत, त्याचा संदर्भ या वाक्यामागे आहे, हे तिला ठाऊक होतं.

"यातला 'त्याच्याबरोबर' हा शब्द पाहिलात? 'त्याच्याऐवजी' असं नाही लिहिलेलं."

तिने ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "मी तर सगळ्यांच्या ऐवजीच चालते."

मी विचारलं, "कामावर तुम्ही शेवटची मदत कधी मागितलीत?" तिला आठवेना. तिची कंबर दोन वर्षं दुखत होती. ऑपरेशन झालेल्या जड पेशंटला कूस बदलायला दोघी लागतात, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. ही एकटीने करायची. "कोणाला बोलवायचं, त्यापेक्षा आपणच उरकावं."

तेव्हा मी शिमोन कुरेनेकराची आठवण काढली. शेतावरून येणाऱ्या त्या माणसाला शिपायांनी येशूचा वधस्तंभ वाहायला वेठीस धरलं. मूळ ग्रीकमध्ये इथलं क्रियापद आणि 'एक कोस' वाल्या वचनातलं क्रियापद एकच. "प्रभूच्या खांद्यावरचा वधस्तंभही दुसऱ्याने उचलला. त्यात त्याचं काही कमी झालं नाही."

"पण योहानात त्याने स्वतःच वाहिलाय," ती ताबडतोब म्हणाली. नगरकडच्या बायकांना शास्त्रात गाठायचं म्हणजे तयारीनेच बसावं लागतं.

"बरोबर. पण मत्तय, मार्क आणि लूक, बाकीच्या तिन्ही शुभवर्तमानकारांना शिमोनाचं नाव लिहावंसं वाटलं." यावर ती पहिल्यांदा हसली.

गृहपाठ म्हणून दोन कामं दिली. एक, रोज ड्युटीत एक तरी मदत मागायची. दोन, काही खटकलं तर ज्याचं त्याच्याशी बोलायचं, तेही एकांतात. हे माझं डोकं नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात भावाचा अपराध भावालाच, दोघंच असताना सांगायला लावलंय. मार्थेने आपल्या बहिणीची, मरियेची तक्रार मरियेकडे न करता थेट प्रभूकडे केली होती. ही बाई तेच करत होती: नवऱ्याला सांगून झालं, प्रार्थनेत झालं, डायरीत झालं. ज्युनिअर मुलीला मात्र एक अक्षर नाही.

दुसरं काम जड गेलं. दोन आठवडे टाळलं. तिसऱ्या आठवड्यात चहाच्या वेळी तिने त्या मुलीला गुड फ्रायडेचं सांगितलं. मुलगी रडवेली झाली. "सिस्टर, तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी गेलेच नसते. आणि मला ड्रेसिंग येत नाही असं तुम्हीच म्हणता. मी केलेलं तुम्ही सोडून परत करता, मग मी करायचंच सोडलं." ही गोष्ट डायरीत कुठेच नव्हती.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. एक सीनियर बाई अजून आपली कामं हिच्या गळ्यात घालू पाहतात. त्यांच्यासाठी आम्ही एक वाक्य घोटून घेतलं: "आज माझ्या सहा खाटा आहेत, मला जमणार नाही." पुढे 'सॉरी' नाही, आणखी कारणं नाहीत. आणि डायरी फाडू दिली नाही मी. लाल शाईतल्या तारखा घेऊन ती इन्चार्जबाईंकडे गेली, तेव्हा त्यांनाही सणावाराच्या ड्युट्यांचं चित्र पहिल्यांदा दिसलं. काही ख्रिस्ती मंडळींना हे कुरकुरणं वाटेल. मला नाही वाटत. आपल्यावर अन्याय होतोय तो वरिष्ठांपुढे नीट मांडणं हेही सत्य बोलणंच.

चौथ्या भेटीत तिने त्या ज्युनिअर मुलीबरोबर पेशंटची कूस कशी बदलली ते हाताने करून दाखवलं. पेशंटखालची आडवी चादर दोघींनी दोन्ही बाजूंनी गुंडाळत मुठीत धरायची, नजरानजर, एक-दोन-तीन. "पोरगी तीनच्या आधीच ओढते," तक्रार करत होती, पण कौतुकाने.

आमचा समाज लहान, त्यामुळे माझ्याकडे येणारी माणसं रविवारी पुढच्या बाकावर भेटतात. त्याला इलाज नाही. पुढच्या वर्षीच्या गुड फ्रायडेला ती दिसली. दिवस तिने आधीच मागून घेतला होता, बदल्यात गुरुवारची रात्र. रात्रपाळी करून, अंघोळ उरकून सरळ आलेली. चौथ्या उद्गारापर्यंत तग धरला, मग मान शेजारणीच्या खांद्यावर गेली. शेजारणीने पदर सावरला आणि खांदा तसाच ठेवला.