बाळा, हेडफोन काढ आणि गा

बाळा,

परवा टेरेसवर बसून तू मोबाईल दाखवालतास, काका हा अल्फा वेव्हचा ट्रॅक तीन महिने ऐकालोय तरी झोप येईना, वाचलेलं डोक्यात राहीना, प्रीमियम घेऊ काय म्हणून. तुझी आई जेवायला हाक मारालती म्हणून मी गप्प बसलो. खरं घरी येऊन मला राग आला, तुझा नव्हे, कुणाचा ते पुढं येईल.

तुला ठाऊक आहे, तीस वर्षं मी ईईजीच्या खोलीत काढली, म्हणजे मेंदूतल्या करंटच्या रेघा कागदावर काढायचं काम. खानापूर, चिकोडी, चंदगड कुठनं कुठनं पेशंट यायचे, डोक्याला तेल थापून यायचे, मग आधी ते पुसत बसायचं, नाहीतर इलेक्ट्रोड धरतच नाहीत. सगळं चिकटवून झालं की सांगायचं, डोळे मिटा. मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेघांवर अल्फा उठतो, सेकंदाला 8 ते 13 लाटा, मस्त विणकामासारख्या एकसारख्या. डोळे उघडा म्हटलं की बसतो. मिटलेल्या डोळ्यांनी सतराचा पाढा म्हणायला लावला तरी कमी होतो. आणि तू कानात अल्फा लावून, डोळे फाडून गणितं सोडवालायस. म्हणजे काय म्हणायचं आता!

शेवटी आम्ही डोळ्यांसमोर लाइट चमकवायचो. सेकंदाला दहा वेळा चमकवला की बऱ्याच जणांच्या मागच्या रेघा त्याच तालात चालायला लागतात, ते मी हजारदा बघितलंय, त्यामुळं बाहेरून मेंदूला ताल लावता येतो हे मला कुणी शिकवायला नको. खरं त्यातला एक पेशंट उठून बरं वाटलं म्हणाला नाही, सगळे डोळे चोळत चप्पल शोधालते. तुझ्या ट्रॅकचं पण तेच, एका कानात 200 हर्ट्झचा सूर, म्हणजे सेकंदाला 200 कंपनं, दुसऱ्यात 210, मग डोक्यात दहाची घूंघूं तयार होते, ती खरीच ऐकू येते, फसवणूक नव्हे. त्यानं मन निवांत होतं का ह्याचे प्रयोग झालेत, ते एकमेकांशी जुळत नाहीत. कुणाला थोडा फरक पडतो, कुणाला काहीच नाही.

आणि सूर 432 हर्ट्झलाच लावला की मन शांत होतं म्हणतात, ते खूळ तर डोक्यातनं काढूनच टाक. आपल्यात सा कुणी ठरवून दिलाय गा? कुणी पेटीच्या काळी चारमध्ये गातो, कुणी पांढरी दोनमध्ये, ज्याच्या गळ्याला जो झेपेल तो त्याचा सा. तुझा कुठला ते तुला माहीतच नाही, कारण तू कधी तोंड उघडलंच नाहीस.

म्हणून म्हणालोय, गा. आपल्याकडं 'काय गा' म्हणतात त्यातला गा नव्हे, गाणं म्हण. ऐकू नको, गा.

दात आवळून बसलेला पेशंट आला की सगळ्या रेघा काळ्याकुट्ट व्हायच्या, जबड्याच्या स्नायूंची करंट मेंदूच्या करंटपेक्षा लई मोठी असते, खालचं काही दिसतच नाही. मग दिवसभर माझं एकच, जबडा सोडा मावशी, तोंड थोडं उघडं ठेवा. तू परवा बोलत नव्हतास तेव्हा तुझा जबडा तसाच होता, मी बघालतो, धंद्याची खोड आहे. आ लावायला गेलास की जबडा सोडावाच लागतो आणि श्वास लांब सोडावाच लागतो, वेगळं रिलॅक्स व्हायला बसायचं काम नाही. 2001 मध्ये एका ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा अभ्यास आला होता, 23 लोकांना चर्चमधली जपमाळ आणि मंत्र म्हणायला लावले, दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. त्यांनी टेप नव्हती लावली, स्वतः म्हटलं. त्याच डॉक्टरांनी पुढं 2006 मध्ये गाणी ऐकवून बघितलं, तर मधे दोन मिनिटं गाणं बंद केल्यावर हृदयाचे ठोके आणि बीपी जास्त उतरलं. तू रात्रभर बंदच करत नाहीस.

आता राग कुणाचा ते. 1993 मध्ये अमेरिकेत 36 कॉलेजच्या पोरांना मोझार्ट ऐकवला, एका प्रकारच्या कोड्यांत त्यांचे मार्क थोडे वाढले, तेही दहा-पंधरा मिनिटांपुरतं. पेपरात आलं ते मोझार्टनं पोरं हुशार होतात. माझा पोरगा तेव्हा तबला शिकालता, बोटं चांगली होती त्याची, सर म्हणायचे. दहावीचं वर्ष आलं तसा मी क्लास बंद केला आणि मोझार्टची कॅसेट आणून दिली. दिवसभर मेंदूच्या रेघा बघणारा माणूस मी! खरं तेव्हा सगळेच बाप क्लास बंद करालते, गल्लीत क्रिकेटपण बंद व्हायचं दहावीला, मी एकट्यानं काय वेगळं केलं? मार्क बरे पडले त्याला. पुण्यात आहे, पगार चांगला आहे, झोपेची गोळी घेतो, हे मला सुनेकडनं कळलं.

असो. माझा आवाज चांगला नाही हे सांगू नको. गंमत बघ, 1924 मध्ये तिकडं जर्मनीत बर्गर नावाच्या डॉक्टरनं माणसाच्या मेंदूची पहिली रेघ काढली, आणि त्याच वर्षी इथं आपल्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले. पुढं क्षयानं त्यांचं एक फुफ्फुस गेलं, काही वर्षं गाणं बंद, आणि तरी उठून गायले. तुझी दोन्ही शाबूत आहेत. तुला मैफल कुठं करायचीय? जेवणाआधी दहा मिनिटं टेरेसवर जा, शेजारच्या मागांची खडखड चालू असते, तुझं कुणाला ऐकू जाणार नाही. टायमर लावायचा नाही, अल्फा आला काय बघायचं नाही, बघायला गेलास की गेलाच तो. आ लाव, श्वास संपला की घे, परत लाव. लाज वाटली तर एकादशीला देवळातल्या भजनात मागं उभा राहा, ध्रुपद सगळेच उचलतात, तिथं बेसूर असलेला तू पहिला नाहीस, मी आहे. महिनाभर गा आणि तरीही झोप आली नाही तर डॉक्टरकडं जाऊ, मी येतो बरोबर, त्यात कसली लाज.

तबला अजून माळ्यावर आहे. डग्ग्याचं पान फाटलंय, दायाँ ठीक आहे. तुला द्यावा असं मनात आहे, खरं तो माझा नव्हे, त्याला विचारायला पाहिजे. रोज संध्याकाळी फोन हातात घेतो आणि मग म्हणतो, आत्ता ऑफिसात असेल.

काका