वाचकांचे प्रश्न : चुंबकाजवळचं मोजमाप

प्रश्न : एमआरआय जोडलेल्या किरणोपचार यंत्रात आयनीकरण कक्षाचं (किरणांची मात्रा मोजणाऱ्या, हवा भरलेल्या छोट्या उपकरणाचं) वाचन बदलतं. पण फोटॉन, म्हणजे क्ष-किरणांचे कण, तर चुंबकाने वळत नाहीत! शिवाय माझं सिम्युलेशन मोजमापाशी जुळत नाही.
– वैद्यकीय भौतिकीची विद्यार्थिनी

उत्तर : फोटॉन वळत नाहीत, खरंच. वळतात ते त्यांनी मोकळे केलेले इलेक्ट्रॉन, आणि कक्षातलं वाचन त्यांच्यामुळेच येतं. १.५ टेस्ला क्षेत्रात दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन हवेत सुमारे ३ मिलिमीटर त्रिज्येने वळतो. फार्मर कक्षाची (नेहमीच्या वापरातल्या आयनीकरण कक्षाची) पोकळीच जेमतेम ६ मिलिमीटर रुंद! त्यामुळे इलेक्ट्रॉनचा हवेतला मार्ग कमीजास्त होतो आणि वाचनही बदलतं. कक्षाचा अक्ष क्षेत्राला समांतर ठेवलात तर फरक थोडा असतो. लंब ठेवलात तर काही टक्क्यांवर जातो. रुग्णाच्या मात्रेत एवढी चूक मला तरी चालणार नाही. म्हणून मोजमाप पाण्यातच करा. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात कक्षाभोवती केसाएवढी हवेची फट राहिली तरी वाचन हलतं.

आता सिम्युलेशन. मॉन्टे कार्लोत, म्हणजे यादृच्छिक आकड्यांनी एकेका कणाचा प्रवास काढणाऱ्या पद्धतीत, इलेक्ट्रॉनचं पाऊल (एका हिशेबात तो सरकतो ते अंतर) मोठं ठेवलंत तर वळणाचं गणित बिघडतं. पाऊल लहान करा आणि आधी फानो चाचणी घ्या, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेल्या मांडणीत सिम्युलेशन तेच उत्तर देतं का ते बघा. ती उत्तीर्ण होऊनही फरक उरला, तर कक्षाची रचना तपासा. बहुतेक जण इथेच अडकतात. कक्षाच्या देठाजवळच्या (दांड्याकडच्या टोकाच्या) हवेतला विद्युतभार मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचत नाही. क्षेत्र नसताना ही मृत जागा फारशी जाणवत नाही, क्षेत्रात मात्र जाणवते. ती संवेदनशील आकारमानातून (ज्या हवेतला विद्युतभार मोजला जातो त्या भागातून) वगळून सिम्युलेशन पुन्हा चालवून बघा.