पहिलं चलान आणि नऊ दिवसांचा अबोला

“मुलगा हाताबाहेर चाललाय. गाडीची किल्ली कायमची काढून घेऊ का?” पोराचं ओव्हरस्पीडिंगचं पहिलं चलान आलं की आईवडील आमच्याकडे बहुधा हाच प्रश्न घेऊन येतात. त्यातलंच हे पुण्याचं एक कुटुंब. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

मुलगा वीस वर्षांचा, लायसन्स हातात येऊन अकरा महिने झालेले. गाडी वडिलांच्या नावावर. तीन मित्रांना घेऊन एक्स्प्रेसवेने मुंबईकडे जाताना बोरघाटाच्या उतारावर कॅमेऱ्याने टिपलं. मर्यादा 60, वेग 87, दंड 2000 रुपये. आरटीओत नोंदवलेला मोबाइल नंबर आईचा असल्यामुळे मेसेज तिच्याकडे आला आणि तिने गुपचूप पैसे भरून टाकले. दोन महिन्यांनी विमा भरताना वडिलांनी सहज चलानाच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला, तर तिथे भरलेलं चलान दिसलं. त्या दिवसापासून किल्ली वडिलांच्या कपाटात आणि बापलेकात अबोला. नववा दिवस होता.

वडिलांना पहिल्यांदा विचारलं, “चलानावरचा फोटो बघितलात?” नव्हता बघितला. बहुतेकांनी बघितलेला नसतो. दंडाचा आकडा दिसला की डोकंच फिरतं.

खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी. आधी मेसेज खरा आहे का ते पाहायचं. व्हॉट्सॲपवर चलानाच्या नावाने ‘एपीके’ (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल आली तर ती उघडायचीच नाही, त्यात बँक खातं रिकामं होतं. मेसेजमधल्या लिंकवरही जायचं नाही. वाहतूक पोलिसांची सरकारी वेबसाइट स्वतः उघडायची, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. मग फोटोत नंबरप्लेट नीट वाचता येते का, गाडी आपल्याच मॉडेलची आणि रंगाची आहे का, ठिकाण, वेळ, नोंदलेला वेग आणि तिथली मर्यादा, हे सगळं तपासायचं. चूक दिसली तर आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) आणि गाडीचे फोटो जोडून तिथेच तक्रार टाकायची, तीही पैसे भरण्याआधी. भरले म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखंच होतं. आणि चलान खरं असेल तर लोकअदालतीत सूट मिळेल म्हणून वर्षभर लोंबकळत ठेवण्यात शहाणपणा नाही. गाडी विकायच्या वेळी नेमकं तेच आडवं येतं.

इथे चलान बरोबर होतं. मुलगा मात्र सारखं म्हणत होता, “मी पळवत नव्हतो हो, ॲक्सिलरेटरवर पायसुद्धा नव्हता.” वडिलांना ही थाप वाटली. आम्हाला वाटली नाही. सपाटीवर अर्धा तास 100 ने चालवल्यावर डोळ्यांना तो वेग सवयीचा होतो आणि 80 म्हणजे गाडी रांगतेय असं वाटतं. त्यात उतार, पाचवा गिअर आणि मागे तिघांची बडबड. गाडी आपोआप वेग घेते. अर्थात, स्पीडोमीटरकडे न बघणं ही चूक त्याचीच. काटा कमी दाखवत होता ही सबब सहसा टिकत नाही. कंपनीचे मीटर चुकलेच तर थोडं जास्तच दाखवतात, मोठ्या मापाचे टायर बसवले असतील तर गोष्ट वेगळी.

मग कागद पुढे केला आणि हिशोब त्यालाच मांडायला लावला. 60 ने गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते, 87 ने 24. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला आणि रस्ता कोरडा, सपाट मानला, तर पहिली गाडी 45 मीटरमध्ये उभी राहते, दुसरीला 78 लागतात. मधलं अंतर एसटीच्या जवळपास तीन गाड्यांएवढं. ज्या जागी 60 ची गाडी थांबलेली असते, तिथे 87 ची अजून ताशी 75 च्या वर धावत असते. हा शेवटचा आकडा त्याने दोनदा करून पाहिला. घाटात उतार असल्याने प्रत्यक्षात याहून वाईटच.

मग तो बोलला. “बाबा कॅमेरा आला की ब्रेक मारतात, पुढे गेलं की परत 120. त्यांना कोण बोलतं?” वडील गप्प. (या युक्तीचा आता फारसा उपयोगही नाही. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांच्या दोन कमानींमधलं अंतर कापायला किती वेळ लागला त्यावरून सरासरी वेग काढता येतो.)

ठरलं ते असं. आईने भरलेले 2000 मुलाने महिन्याला 500 प्रमाणे चार हप्त्यांत तिला परत द्यायचे. आईला हे पटेना, “पोराकडून काय पैसे घ्यायचे!” पण तिने झाकल्यामुळेच चलानापेक्षा लपवाछपवीचं भांडण मोठं झालं होतं. किल्ली जप्त न करता सहा आठवड्यांची मुदत घातली: फक्त दिवसा, शेजारी आई किंवा वडील, मित्र नाहीत. रविवारी सकाळी कात्रजच्या जुन्या घाटात उतरण्याचा सराव. उतार लागायच्या आधीच तिसरा गिअर, ब्रेकवर सतत पाय ठेवून तो तापवायचा नाही, थोडा वेळ घट्ट दाबून सोडायचा. वेगमर्यादेची पाटी दिसली की आकडा मोठ्याने म्हणायचा. आणि वडील चालवत असतील तेव्हा त्यांनीही म्हणायचा.

कायदाही दोघांना स्वच्छ सांगितला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 खाली कारला दंड 1000 ते 2000 आहे, पण पुन्हा तोच गुन्हा झाला तर लायसन्स जप्तीची तरतूद आहे. मुलगा अठराच्या आतला असता तर प्रकरण वेगळंच झालं असतं. तिथे पालक किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तिसऱ्या रविवारी गाडीतच वाजलं. वडिलांनी प्रत्येक वळणावर सूचना दिल्या, मुलाने गाडी कडेला घेऊन किल्ली त्यांच्या हातात ठेवली. तेव्हापासून शेजारी आई बसते, ती फक्त पाटी ऐकते.

सहा आठवडे झाले, दोन हप्ते पोचले. रात्रीच्या गाडीचं अजून ठरायचंय. मुलगा म्हणतो दहापर्यंत, वडील साडेआठवर अडून बसलेत.