जो कॉर्नरबॅक मैदानावर उतरतच नाही, त्याची संघाला किंमत काय?

प्रश्न असा विचारलाय: अमेरिकन फुटबॉलमध्ये चौथा-पाचवा कॉर्नरबॅक (कडेला राहून समोरच्यांचे पास अडवणारा बचावपटू, थोडक्यात कॉर्नर) अख्ख्या हंगामात मोजके स्नॅप (एकेक डाव) खेळतो, तरी त्याला ठेवायचं की काढायचं यावरून चाहते आठ-आठ दिवस भांडतात. एवढं भांडण्यासारखं त्यात काय आहे, आणि न खेळणाऱ्याची किंमत ठरवायची कशी?

भांडण्यासारखं भरपूर आहे. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, इथल्या पेट्रियट्स संघाचा एकही सामना चुकवत नाही, आणि नेमक्या याच विषयावरून माझं आणि माझ्या साडूंचं १० वर्षं वाजतंय. उत्तर लांबणार आहे.

आधी मुद्द्याचं. समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, तुमच्या पहिल्या नंबरच्या कॉर्नरकडे शक्यतो बघतही नाही. तो सगळ्यात कच्चा कोण ते हेरतो आणि सामना संपेपर्यंत त्यालाच पिळतो. म्हणून कॉर्नरांची फळी किती भक्कम, हे त्या दिवशी मैदानावर असलेल्या शेवटच्या नंबरवरून ठरतं. हल्ली अर्ध्याहून जास्त स्नॅपना पाच डिफेन्सिव्ह बॅक (सहसा तीन कॉर्नर आणि त्यांच्या मागचे दोन सेफ्टी) लागतात, म्हणजे तिसरा कॉर्नर राखीव म्हणायचा तो नावालाच. एकाचा पाय मुरगळला की चौथा आत. आता सांगा, चौथा कॉर्नर म्हणजे चैन आहे का?

१ फेब्रुवारी २०१५. त्या हिवाळ्यात बॉस्टनला १०० इंचांच्या वर बर्फ पडला. आठवड्यापूर्वी एक वादळ होऊन गेलं होतं, दुसरं सोमवारी येणार होतं, आणि मधल्या रविवारी सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, पेट्रियट्स विरुद्ध सिअ‍ॅटलचे सीहॉक्स. दर वर्षीप्रमाणे आम्ही साडूंच्या बेसमेंटमध्ये जमलो होतो. सहा-सात मराठी कुटुंबं, खाली गालिच्यावर पोरं, दाराशी ओल्या बुटांचा ढीग, आणि वरून मेहुणीबाई गरम बटाटेवडे पाठवतायत. आमचे साडू माझ्यापेक्षा ८ वर्षांनी मोठे, इथे माझ्या आधी आलेले. खेळ त्यांना कळतो, हे मी मान्य करतो. पण त्यांना फक्त नावं दिसतात. आमचा क्वार्टरबॅक ब्रेडी दिसतो, ग्रॉन्कॉव्स्की दिसतो, पहिल्या नंबरचा कॉर्नर रेविस दिसतो. बाकीचे सगळे त्यांच्या लेखी भरती.

पहिल्या हाफमध्ये आमच्या कॉर्नर काइल अ‍ॅरिंग्टनच्या डोक्यावरून सीहॉक्सचा ख्रिस मॅथ्यूज चेंडू उचलत होता. मॅथ्यूजने त्या दिवसापर्यंत एनएफएलमध्ये (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) एकही पास पकडलेला नव्हता, आणि त्या रात्री त्याने चार पकडून १०९ यार्ड काढले. हाफटाइमला १४-१४. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या प्रशिक्षक बेलिचिकने उंच ब्रँडन ब्राउनरला मॅथ्यूजवर लावलं, अ‍ॅरिंग्टनला बसवलं, आणि थोड्या वेळाने २१ नंबरचा एक पोरगा आत आला.

"हा कोण आणलाय आता?" साडू म्हणाले.

मी सांगितलं. माल्कम बटलर. मिसिसिपीतल्या विक्सबर्गचा. मध्ये कॉलेज सुटलं तेव्हा पॉपाइजमध्ये चिकन विकत होता, मग वेस्ट अलाबामासारख्या लहान विद्यापीठातून खेळला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधून नवे खेळाडू निवडताना, लीगमधल्या ३२ पैकी एकाही संघाने घेतला नाही. पेट्रियट्सनी नुसता चाचणीला बोलावला आणि ठेवून घेतला. हंगामात ११ सामने खेळलाय, त्यात सुरुवातीपासून एकच.

"म्हणजे तुमच्यासारखाच की," साडू म्हणाले. बेसमेंटभर हशा पिकला. माझी बायको हसली नाही. तिला माहीत होतं.

हे "तुमच्यासारखाच" काय होतं ते सांगायला हवं. मी साताऱ्याकडचा. १९९० च्या दशकात गावच्या मंडळाकडून कबड्डी खेळायचो, डाव्या कोपऱ्याचा राखीव. सात मैदानावर, पाच बाहेर, त्या पाचांतला मी. पण रोज संध्याकाळी सरावाला आमच्या मुख्य चढाईपटूसमोर कोपऱ्यात उभा कोण राहायचा? मी. घोटा कधी धरायचा, त्याचा पाय नुसता दाखवायला येतो की खरंच बोनसला येतो, हे मी दोन वर्षं गुडघे सोलून शिकलो. तालुक्याच्या उपांत्य सामन्यात आमच्या डाव्या कोपऱ्याचा गुडघा गेला. मी उठून उभा राहिलो, अंगावरचा शर्टसुद्धा काढला. आमच्या प्रशिक्षकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हा कुठे खेळलाय?" मग एका चढाईवाल्याला कोपऱ्यात उभं केलं, कारण त्याचं नाव होतं. त्याने घोट्याऐवजी मांडीला हात घातला. एकदा, दोनदा. आमच्यावर लोण चढला आणि सामना गेला. मी शर्ट घालून घरी आलो.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत हे मी साडूंना विश्वासाने सांगितलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळायला होता." तेव्हापासून हे चालूच आहे. आता कळलं असेल की तुमच्या प्रश्नाला मी इतक्या तावातावाने का उत्तर देतोय.

तर परत बेसमेंटमध्ये. आम्ही १० गुणांनी मागे पडलो, ब्रेडीने दोन टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे पोचवणं) काढून २८-२४ केलं, आणि घड्याळात २ मिनिटं उरली. तेवढ्यात त्यांच्या क्वार्टरबॅक विल्सनने उजवीकडे लांब फेकला, पास पकडणाऱ्या रिसीव्हर कर्सीवर. बटलर त्याच्याबरोबर उडाला, चेंडूला हात लावला, चेंडू निसटला. दोघंही पडले. आणि तो चेंडू जमिनीवर पाठ टेकलेल्या कर्सीच्या मांडीवर, गुडघ्यावर, हातावर उडत राहिला आणि शेवटी त्याच्या मुठीत बसला. ३३ यार्ड. खोलीत सन्नाटा. याच मैदानावर २००८ सालच्या सुपर बोलमध्ये आमच्याविरुद्ध डेव्हिड टायरीने हेल्मेटला लावून चेंडू धरला होता, ते सगळ्यांना एकदम आठवलं असणार.

"त्या पोराला कशाला आणला!" साडू ओरडले.

पण रीप्लेमध्ये काय दिसलं ते कुणी बघितलं नाही, मी बघितलं. चेंडू कर्सीच्या हातात बसल्यावर बाकीचे हबकून उभे होते. बटलर पडलेला उठला आणि कर्सीला टचडाउनच्या रेषेपासून ५ यार्डांवर बाहेर ढकलला. तो उठला नसता तर टचडाउन तिथेच झाला होता. हे फार थोडे लोक सांगतात. मग बाजूला जाऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. चूक नसताना सगळं आपल्यावर आलंय, असं वाटणाऱ्या माणसाचा चेहरा.

पुढच्या प्लेला त्यांचा लिंच चेंडू घेऊन ४ यार्ड घुसला, आमच्या हायटावरने त्याला रेषेच्या १ यार्ड आधी पाडला. घड्याळ धावतंय आणि बेलिचिक टाइमआउट घेत नाही. सीहॉक्सनी तीन रिसीव्हर आणले. ते बघून आमच्याकडून तिसरा कॉर्नर हवा म्हणून हाक गेली, "माल्कम, गो!" नीट ऐका: तिसरा कॉर्नर. रेविस होता, ब्राउनर होता, आणि मैदानावर तिसरा लागला. पोरगा बाजूच्या रेषेवरून धावत आला. ब्राउनरने पुढच्या कर्सीला जागेवर दाबून धरला, मागून त्यांचा दुसरा रिसीव्हर लॉकेट आत वळला, विल्सनने फेकला, आणि बटलर लॉकेटच्या आधी तिथे होता. २० सेकंद बाकी. एनएफएलमधला त्याचा पहिला इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांचा पास मध्येच पकडला.

पोरं किंचाळत होती. कुणाची तरी चटणीची वाटी गालिच्यावर सांडली. बायकोने माझा हात धरला. मी रडलो, आणि मला त्याची लाज नाही.

साडू बऱ्याच वेळाने म्हणाले, "नशीब. निव्वळ नशीब."

इथून खरं भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं, आजही हेच आहे. सामन्याच्या आधीच्या सरावात पेट्रियट्सची राखीव तुकडी सीहॉक्सचे प्ले खेळून दाखवत होती. हाच प्ले, हीच रचना. चेंडू फेकणारा गारोपोलो, म्हणजे राखीव क्वार्टरबॅक. पकडणारा जॉश बॉइस, तोही राखीव. आणि बटलर उशिरा पोचला, टचडाउन झाला. तिथे त्याला सांगण्यात आलं की या प्लेला तू आधी पोचलं पाहिजेस. सुपर बोलमध्ये त्याने दोन रिसीव्हर एकामागे एक उभे बघितले आणि ओळखलं. म्हणजे टीव्हीवर ज्यांचं नावही येत नाही अशा राखीव खेळाडूंनी एका राखीव खेळाडूला तो प्ले शिकवला. याला नशीब म्हणतात का? त्या वर्षी रेविसला १ कोटी २० लाख डॉलर मिळत होते आणि ड्राफ्ट न झालेल्या नवख्याचा किमान पगार ४ लाख २० हजार. सुपर बोल जिंकून दिला तो दुसऱ्याने.

आता त्याच सामन्याची उलटी बाजू. सीहॉक्सचा कॉर्नर जेरेमी लेन पहिल्याच क्वार्टरमध्ये ब्रेडीचा चेंडू अडवून धावला आणि पडताना त्याचा हात मोडला. त्याच्या जागी थॅरल्ड सायमन आला. ब्रेडीने काय केलं? रात्रभर सायमनला शोधलं. आमच्या लाफेलचा टचडाउन सायमनवर, एडलमनचा शेवटचा विजयाचा टचडाउन सायमनवर. त्यांचा शर्मन दुसऱ्या कडेला उभा होता, जगातला उत्तम कॉर्नर, पण चेंडू तिकडे जाईल तेव्हा ना. सायमनला मी दोष देत नाही. मला म्हणायचंय ते इतकंच, की एका संघाचा राखीव कॉर्नर कमी पडला आणि दुसऱ्याचा पुरा पडला, आणि अख्खा सामना त्या दोघांमध्ये होता. साडूंना हे मी कागदावर काढून दाखवलंय. त्यांनी कागद घडी करून परत दिला.

तुम्ही किंमत कशी ठरवायची ते विचारलंय. माझ्या मते स्नॅप मोजू नका. ऑगस्टमधले सराव सामने शेवटपर्यंत बघा, कारण चौथा क्वार्टर याच पोरांचा असतो. पास झाल्यावर पाठीमागून कसा धावतो ते बघा. किकऑफ आणि पंटला (चेंडू लाथेने मारून समोरच्यांना देतात तेव्हा) सगळ्यात आधी खाली कोण पोचतो ते बघा, कारण राखीव कॉर्नर आपली भाकरी तिथेच कमावतो. जो स्पेशल टीम्सवर, म्हणजे या लाथेच्या प्लेंना, आळस करतो त्याला काढा, माझी काही हरकत नाही. संघातल्या ५३ जणांत जागा मोजूनच असतात.

आणि हेही सांगतो, प्रत्येक चौथा कॉर्नर बटलर नसतो. बहुतेक जण दोन-तीन वर्षांत लीगबाहेर जातात आणि त्यात कुणाचा अन्याय असतोच असं नाही. एका रात्रीवरून मी जरा जास्तच बोलतोय असं कुणाला वाटलं तर तेही चुकीचं नाही. सराव बघतात ते प्रशिक्षक, आपण नाही.

पण प्रशिक्षक चुकत नाहीत असं मात्र मला सांगू नका. ४ फेब्रुवारी २०१८, मिनियापोलिस. पुन्हा सुपर बोल, फिलाडेल्फियाविरुद्ध. तोवर बटलर आमचा पक्का कॉर्नर झाला होता, त्या हंगामात जवळपास प्रत्येक स्नॅप खेळलेला. सुपर बोलला त्याला डिफेन्समध्ये एक स्नॅपसुद्धा दिला नाही. राष्ट्रगीताच्या वेळी तो रडत होता. त्याच्या जागी एरिक रो, आणि पहिला टचडाउन रोवरच, त्यांच्या जेफरीने ३४ यार्डांवरून घेतला. फिलाडेल्फियाने ५३८ यार्ड काढले, आणि क्वार्टरबॅक कोण? राखीव निक फोल्स, जो मुख्य क्वार्टरबॅक वेन्ट्झ जखमी झाला म्हणून खेळत होता. त्यांनी आपल्या राखीव माणसावर विश्वास टाकला, आम्ही आपल्या हातच्या माणसाला बसवून ठेवला. ४१-३३ ने हरलो. बेलिचिकने खरं कारण कधी उलगडून सांगितलं नाही. मला ते कारण नकोच आहे. "हा कुठे खेळलाय" म्हणून मला बसवलं होतं, याला तर सगळं खेळूनही बसवलं.

त्या रात्रीही आम्ही त्याच बेसमेंटमध्ये होतो. चौथ्या क्वार्टरमध्ये फिलाडेल्फियाने परत आघाडी घेतली तेव्हा साडू उठून टीव्हीजवळ गेले आणि म्हणाले, "अहो, त्या २१ नंबरवाल्याला आणा की आत." आणि मग माझ्याकडे वळून बघितलं.