नाशिकमध्ये रात्रीचे पतंग बघायचे तर दिवा कुठला, जागा कुठली आणि नाव लावायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाथर्डी फाट्याजवळ तिसऱ्या मजल्यावर राहता, पावसाळ्यात गॅलरीतल्या दिव्यावर येणारे पतंग बघून नाद लागलाय. विलायती व्हिडिओंत दाखवतात तसा पेटीचा प्रकाश सापळा मागवावा का, जंगलात कुठे जावं, आणि नावं कशी शोधायची? सोबत हिरव्या पतंगाचा फोटोही टाकला आहे.

पेटी मागवू नका. ती तिकडच्या थंड रात्रींसाठी आहे. संध्याकाळी लावून झोपायचं आणि सकाळी चहा घेत पेटीत ठेवलेला एकेक रिकामा अंड्यांचा ट्रे उचलून आत बसलेले पतंग मोजायचे, असा तिथला रिवाज. आपल्याकडे जुलैत हे करून बघा. सकाळी पेटीत भुंगे, रातकिडे, एखादा खंडोबाचा किडा आणि मुंग्यांची रांग, आणि पतंगांचे नुसते पंख. गंगापूर धरणाच्या बाजूला तर पाण्यातले मोठे ढेकूणही उडत येतात, ते आत शिरले की बाकीच्यांचं काही खरं नाही. शेतकऱ्यांचा प्रकाश सापळा वेगळा, तिथे कीड मारायचीच असते. आपल्याला बघून सोडून द्यायचंय.

म्हणून चादर. पांढरी, सुती, धुऊन विटलेली. जुनं धोतर असेल तर उत्तमच. दोरीवर टांगा, खालचा हातभर भाग जमिनीवर पसरू द्या आणि दिवा पुढे टांगा. तुम्ही तिथेच बसा. उष्ण प्रदेशात हा छंद जागं राहूनच करावा लागतो.

दिव्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे इथेच वाया जातात. घरातला पिवळसर एलईडी जवळजवळ निरुपयोगी. पतंगांच्या डोळ्यांना अतिनील, निळा आणि हिरवा प्रकाश चांगला दिसतो, आणि त्या दिव्यात अतिनील भाग नसतोच म्हटलं तरी चालेल. जुने लोक चोक न लागणारा १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब वापरतात. गर्दी खेचण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, पण आता तो मिळणं कठीण झालंय, भयंकर तापतो आणि तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की तडकतो. तिसऱ्या मजल्यावर तो लावलात तर समोरच्या बिल्डिंगमधून फोन येईल. तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे मिठाईच्या दुकानात माश्या मारायचं निळ्या दिव्याचं मशिन असतं ना, त्यात लागणारी अतिनील ट्यूब, किंवा ३६५ नॅनोमीटरचा एलईडी. काही एलईडी पॉवर बँकवरही चालतात.

एक इशारा. करोनाच्या काळात जंतुनाशक अतिनील ट्यूब गल्लोगल्ली विकल्या गेल्या. त्या २५४ नॅनोमीटरच्या. त्या चुकूनही लावू नका, डोळे आणि कातडी भाजतात. दुकानदाराला दोन्ही ‘यूव्ही’च वाटतात, त्यामुळे आकडा स्वतः वाचा. आणि बरोबर दिवा असला तरी त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही.

पतंग दिव्यावर येतात ते प्रकाशाच्या ओढीने, असं आपण लहानपणापासून ऐकतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करून दिसलं ते निराळंच: उडणारा कीटक आपली पाठ सतत उजेडाकडे ठेवतो. एरवी रात्री उजेडाची बाजू म्हणजे आकाश, त्यामुळे त्याला वर-खाली कळतं. जवळ दिवा आला की तो पाठ दिव्याकडे करतो आणि गिरक्यांत अडकतो. दिवा खाली असेल तर उलटा होऊन कोसळतो. याचा आपल्याला उपयोग असा, की चादरीवर बसलेले पतंग म्हणजे आलेल्यांपैकी थोडेच. बाकीचे मागच्या भिंतीवर, कुंड्यांखाली, गवतात पडलेले असतात. बॅटरी घेऊन दहा पावलांचा परिसर धुंडाळा. माझ्या अनुभवात बिचकणाऱ्या जाती तिथेच सापडतात.

आता जागा. पहिलं वर्ष कुठेही जाऊ नका. एकाच गॅलरीत वर्षभर बसून जे कळतं ते अंजनेरीच्या एका रात्रीत कळत नाही. तिथे एका रात्रीत इतकं येतं की नवख्या माणसाच्या हाती फक्त फोटोंचा ढीग लागतो. शिवाय अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथे दिवा लावून बसायचं तर वनखात्याची परवानगी काढा. निफाड-दिंडोरीकडे मित्राचा मळा असेल तर जरूर जा, पण उसाच्या कडेला एकटं बसायचं नाही, बिबट्याचा वावर आहे. गवतात हात घालण्याआधी बॅटरी मारा, घोणस-फुरसं दोन्ही आपल्याकडे आहेत. नाहीतर फुकटची जागा सांगतो: त्र्यंबक रोडला किंवा इगतपुरीच्या बाजूला रात्रभर दिवे जळणाऱ्या ढाब्यांच्या पांढऱ्या भिंती. पहाटे चहाला थांबा आणि भिंत वाचा. उजाडायच्या आत पोचा मात्र, कारण दयाळ, बुलबुल आणि साळुंक्यांना ही खानावळ आपल्याआधी माहीत असते. त्याच कारणाने घरीही पहाटेच्या आधी दिवा बंद करून चादर झुडपांत हलकेच झटकावी.

काळ म्हणाल तर मृगाचा पाऊस पडून गेल्यावरचे पंधरा दिवस, आणि मग भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत. मधल्या आषाढ-श्रावणात शहरात ठीक चालतं, पण घाटाकडे पाऊस बसूच देत नाही. अमावास्येच्या मागे-पुढे, ढगाळ, दमट, वारा पडलेली रात्र निवडा. पौर्णिमेला झोपा. थंडीत चादर जवळजवळ कोरी राहते. मोठे पतंग, म्हणजे ॲटलास आणि मून मॉथसारखे, बहुधा मध्यरात्रीनंतर येतात, त्यामुळे दहाला आवरतं घेणाऱ्यांना ते दिसत नाहीत. मात्र पाथर्डी फाट्यावर ॲटलासची वाट बघू नका, तो झाडीतला.

आता खरं अवघड काम, नाव लावायचं. ब्रिटनमध्ये पतंगांच्या सुमारे २५०० जाती आहेत आणि चित्रं बघत नाव शोधायची सुटसुटीत पुस्तकं आहेत. भारतात १० हजारांहून जास्त जाती, आणि तसं एकही पूर्ण पुस्तक नाही. हॅम्पसन या इंग्रज कीटकतज्ज्ञाचे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’तले पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ मधले. इंटरनेटवर फुकट मिळतात, वाचावेत, पण त्यातली बरीच नावं आता बदलली आहेत. फोटो पडताळायला ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ ही वेबसाइट आणि नोंदी टाकायला आयनॅचरलिस्ट हे ॲप. पण तिथे यंत्र सुचवेल ते पहिलं नाव डोळे झाकून दाबू नका. त्याने जास्त पाहिलेली जात ते आधी सुचवतं, आपल्याकडची खरी जात कधी त्याच्या यादीतच नसते.

म्हणून नावाच्या मागे लागण्याआधी कुळ ओळखायला शिका, आणि ते रंगावरून नव्हे, बसण्यावरून. पंख पूर्ण पसरून चादरीला चिकटून बसला असेल तर बहुधा जिओमेट्रिडी. त्रिकोणी आकार, लांब पाय आणि तोंडापुढे सोंड काढल्यासारखं टोक असेल तर क्रॅम्बिडी. गॅलरीत सगळ्यात जास्त हेच येतील. अंगावर छप्पर घातल्यासारखे पंख मिटलेले असतील तर नॉक्टुइडी किंवा इरेबिडी, आणि या दोघांत भले भले अडखळतात. इंग्रजी टी अक्षरासारखा बसलेला काडीएवढा जीव टेरोफोरिडीतला. आणि जाड अंग, ओझरच्या आकाशात दिसणाऱ्या सुखोईसारखे मागे वळलेले पंख, तो हॉकमॉथ, कुळ स्फिंजिडी.

तुमच्या फोटोतला पतंग या शेवटच्या कुळातला आहे. हिरव्या रंगाच्या छटा, त्यात गुलाबी-पांढरे पट्टे: डॅफनिस नेराय, म्हणजे कण्हेरीवरचा हॉकमॉथ. शहरात तो भरपूर आहे, कारण त्याची अळी कण्हेर, तगर आणि सदाफुलीवर वाढते आणि सोसायट्यांच्या बागांत हीच झाडं लावतात. खाली तगर असेल तर खाल्लेली पानं शोधा. बोटाएवढी हिरवी अळी, डोक्यामागे निळे डोळ्यासारखे दोन ठिपके. डिवचली की ठिपके फुगवून दाखवते.

झाड कळलं की निम्मं काम झालं. तेरडा आणि द्राक्षवेल दोन्हींवर हॉकमॉथच्या अळ्या असतात. हिपोशन सेलेरिओ या हॉकमॉथची अळी इतर झाडांबरोबर द्राक्षावरही वाढते, पण आपल्या बागांतल्या फवारण्यांत ती टिकणं मुश्कील. उंबराखाली नारिंगी अंगाचा, पंखाच्या मुळाशी काळे ठिपके असलेला आसोटा. काकडी-दोडक्याच्या वेलाजवळ डायफॅनिया इंडिका: पारदर्शक पांढरे पंख, भोवती गडद तपकिरी काठ, आणि शेपटाला केसांचा गोंडा. बसल्या जागी तो गोंडा सारखा हलवत असतो. भिंग लावून एकदा तेवढंच बघत बसा.

आणि एक क्रिएटोनोटोस गँजिस. फिकट पंखांवर काळ्या रेघा, पोट लालसर, बसलेला असताना कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही. पण नर रंगात आला की पोटाच्या टोकातून चार केसाळ नळ्या फुगवून बाहेर काढतो, जवळजवळ अंगाएवढ्या लांब, वर वळलेल्या. मादीला बोलावण्याचा गंध त्यांतून सुटतो. अळीने विशिष्ट अल्कलॉइड असलेल्या वनस्पती खाल्ल्या असतील तरच त्या मोठ्या होतात, नाहीतर नुसत्या खुंट्या राहतात. व्हॉट्सॲपवर ‘परग्रहावरचा जीव’ म्हणून फिरतो तो हाच.

दिव्यावर सगळेच पतंग येत नाहीत, हेही लक्षात ठेवा. सटाणा-देवळ्याकडे डाळिंबवाल्यांना विचारा. तिथे रसशोषक पतंग, म्हणजे युडोसिमा, रात्री फळाला सोंडेने भोक पाडून रस पितो आणि त्या भोकातून फळ सडतं. दिव्यावर तो फारसा फिरकत नाही. शेतकरी बॅटरी घेऊन बागेत फिरतात तेव्हा त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, त्यावरून पकडतात. त्याच्या अळ्या बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढतात. असल्या पतंगांसाठी अतिपिकलेली केळी, गूळ आणि थोडी बिअर कालवून झाडाच्या खोडाला फासतात. नाशिकमध्ये उरलेली वाइन घातलीत तरी तक्रार येणार नाही.

फोटो वरून एक, बाजूने एक, आणि शेजारी पट्टी ठेवून एक. मागचे पंख दिसत असतील तर तोही, पण त्यासाठी पतंगाला चिमटीत धरू नका. कित्येक जाती फोटोवरून सुटतच नाहीत, जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. तिथे वंशाचं, म्हणजे जातीच्या वरच्या गटाचं, नाव लिहून थांबायचं. मला स्वतःला ‘अमुक वंश, जात अनिश्चित’ अशा नोंदीवर जास्त भरवसा वाटतो.

पावसाळ्यात चादरीवर मुंगीसारखा, काळा-नारिंगी पट्ट्यांचा बारीक किडा येईल. मानेवर बसला तर चिरडू नका, फुंकून उडवा. चिरडला की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात. हात लागलाच तर लगेच साबणाने धुवा. केसाळ अळ्यांनाही उघड्या हाताने धरायचं नाही.

तगरीवर अळी मिळालीच तर दोन-चार पानांसकट मोठ्या बरणीत ठेवा. तोंडाला जाळीचं कापड बांधा, तळाशी चार बोटं ओलसर माती आणि वाळका पाला घाला, रोज ताजी पानं द्या. खाणं सोडून ती तपकिरी पडली आणि खाली उतरली की कोष करायच्या तयारीत आहे, तेव्हा बरणी हलवू नका. कोषातून निघालेल्या पतंगाच्या ओळखीत शंका उरत नाही, म्हणून अळीचा, झाडाचा आणि पतंगाचा फोटो एकाच नोंदीत टाका. कधी पतंगाऐवजी अळीतून बारीक परजीवी माश्या निघतील. त्यांचेही फोटो झाडाच्या नावासकट टाका, त्यांच्या नोंदी पतंगांपेक्षाही कमी होतात.