पेरुव्हियन गिनीपिगचे केस कापताना

ताई, पेरुव्हियन ही गिनीपिगची लांब केसांची जात; तिचे केस महिन्याला साधारण 2 ते 2.5 सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे कात्री हाताशीच ठेवा. आधी मागची बाजू बघा. आपल्या ऐरोलीच्या दमट पावसाळ्यात तिथले केस लघवीने ओले राहिले की माश्या अंडी घालतात. अळ्या पडल्या तर दिवसभरात जीव जाऊ शकतो! तिथले केस जमिनीला टेकूच देऊ नका. गोल टोकाची कात्री घ्या, कातडी आणि कात्रीच्या मध्ये कंगवा धरा. गुंता ओढलात तर कातडीही वर येते आणि कापली जाते. पोटाखाली स्तनाग्रं असतात, नरालाही; ती बोटाने झाका. आधी आंघोळ नको, गुंता आणखी घट्ट होतो. समोर कोथिंबीर ठेवा. माझी गिनीपिग कोथिंबीर संपली की उठतेच, मग उरलेलं दुसऱ्या दिवशी.